जिन्यावरचा फोटो

जिना चढणाऱ्या बाईंचा तो फोटो वहिनींनीच निवडला होता. वर ओळही त्यांनीच लिहिली होती: 'संस्थेने बनवलेल्या पायावर पुन्हा घराबाहेर.' एका छोट्या साप्ताहिकात तो छापून आला, लोकांनी एकमेकांना पाठवला, आणि ज्यांनी कधी फोन उचलला नव्हता त्यांचे फोन येऊ लागले.

वहिनींचा व्यवसाय जनसंपर्काचा. नव्याने उभ्या राहणाऱ्या कंपन्या आणि छोट्या संस्था यांचं काम लोकांपुढे नीट मांडायचं, पत्रकारांशी गाठ घालून द्यायची, अडचणीच्या प्रश्नांची उत्तरं शोधून ठेवायची. धाकट्या दिराची कृत्रिम पाय बनवणारी संस्था त्यांनी घरचं काम म्हणून घेतली, पण घरचं म्हणून कसलीही सूट दिली नाही. दीर वहिनी म्हणायचा, म्हणून कार्यशाळेतले कारागीरही वहिनीच म्हणत; दिराला मात्र सगळे दादा म्हणत.

पाय चांगले होते. हलके, आणि मोडले तर इथल्या इथे दुरुस्त होणारे. फक्त त्यांच्यावर कुणाचा भरवसा बसत नव्हता. शहरातल्या मोठ्या रुग्णालयाने आपले रुग्ण इकडे पाठवले तर संस्था तगणार होती, नाहीतर वर्षअखेरीस दाराला कुलूप. रुग्णालयाची समिती उद्या सकाळी बसणार होती. समितीच्या प्रमुख डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, "तुमचं कौतुक तुमच्याच तोंडून किती ऐकायचं? तिसऱ्या कुणालातरी पाहून सांगू दे."

तो तिसरा आज दुपारी यायचा होता. मोठ्या दैनिकाचा आरोग्य वार्ताहर. त्याचा मजकूर उद्याच्या अंकात जाणार होता. फोनवर त्याने एवढंच मागितलं होतं: फोटोतल्या बाई भेटाव्यात आणि जिना चढताना दिसाव्यात.

बाई आधीच येऊन बसल्या होत्या. त्यांचं शिवणकामाचं दुकान होतं, म्हणून सगळे त्यांना टेलरबाई म्हणत. पाय काढून त्यांनी बाकावर ठेवला होता आणि गुडघ्याखाली उठलेल्या लाल चट्ट्यावर त्या फुंकर घालत होत्या.

"दुखतंय?" वहिनींनी विचारलं.

"नवा आहे ना, चावतो. सपाटीवर छान चालते हो मी. जिना तेवढा अजून जमत नाही."

"फोटोत तर चढलात की!"

"तो माझा जुना पाय, दुसरीकडचा," टेलरबाई सहज म्हणाल्या. "ह्याचा लेप त्या दिवशी ओलाच होता. दादा म्हणाले, कपड्याच्या आत कुणाला काय दिसतंय."

 वहिनी तडक आतल्या खोलीत गेल्या. दीर आरशासमोर केस बसवत होता.

"भावजी, दार लावा."

त्याने दार लावलं, आणि त्यांचा चेहरा पाहूनच तो समजला. "फोटोवाला त्याच दिवशी मोकळा होता, वहिनी. आपला पाय वाळला नव्हता. काय करणार होतो मी?"

"मला सांगणार होतात."

"तुम्ही छापू दिला नसता."

"बरोब्बर."

"आज तेवढं निभवू द्या. जुना पाय मागवून ठेवलाय. बाई दोन-चार पायऱ्या चढतील, तो बघेल, विषय मिटेल."

"म्हणजे सगळं ठरवूनच बसलात!"

"आपले पाय खरे आहेत! एक फोटो खोटा निघाला म्हणून पाय खोटे ठरतात का?"

"हे बाहेर पडलं की ठरतील. त्यानंतर तुम्ही सोन्याचे बनवले तरी कुणी घेणार नाही."

"माझ्या भावाने तुमच्याशी लग्न केलं," दीर दातओठ खात म्हणाला, "आणि शिक्षा मी भोगतोय."

बाहेर स्कूटर थांबल्याचा आवाज आला. दिराने कोपऱ्यातला जुना पाय उचलला आणि तो वहिनींच्या बाजूने निसटून टेलरबाईंसमोर जाऊन उभा राहिला. टेलरबाईंनी आधी त्याच्याकडे, मग वहिनींकडे पाहिलं.

"घालू का?"

वार्ताहर दारात बूट पुसत होता. वहिनी नुसत्या गप्प राहिल्या असत्या तरी सगळं निभावलं असतं.

"या, बसा," त्या म्हणाल्या. स्वतःचाच आवाज त्यांना परका वाटला. "चहा नंतर. आधी एक सांगायचंय. आम्ही दिलेला फोटो चुकीचा आहे. त्यातला पाय आमचा नाही."

दिराने डोळे मिटून घेतले. वार्ताहराने मात्र शांतपणे वही काढली.

"चुकून गेला की मुद्दाम?"

"मुद्दाम," वहिनी म्हणाल्या. "मला आत्ता कळलं, पण ओळ माझी होती."

"हे मी लिहिणार."

"लिहा."

"आणि मथळा माझ्या हातात नसतो."

"माहीत आहे."

मग त्याने टेलरबाईंना विचारलं, "नवा पाय घालून जिना नाही चढता येत?"

"अजून नाही. पण मशीनचं पायडल दाबता येतं. जुन्याचा घोटा ताठ, लाकडासारखा. या पायाने काल दिवसभर शिवलं मी."

"ते बघता येईल?"

"दुकानात चला की."

त्याने घड्याळ पाहिलं, मान हलवली. दुकान शहराच्या दुसऱ्या टोकाला होतं आणि मजकूर संध्याकाळी द्यायचा होता. जे स्वतः पाहिलं नाही ते तो लिहीत नसे. थोडे प्रश्न विचारून तो निघून गेला.

"झालं समाधान?" दीर म्हणाला. "उद्या समितीत सगळे पेपर हातात घेऊनच बसतील."

"म्हणून पेपर यायच्या आत डॉक्टरांना तुमच्याकडून कळलं पाहिजे. माझ्याकडून नाही."

"मी काय बोलू?"

"झालं ते."

 त्याने जुना पाय बाजूला ठेवला आणि डॉक्टरांचा नंबर लावला. वहिनींनी कागद ओढून वाक्यं लिहायला घेतली, पण तो कागदाकडे न बघता बोलत सुटला. फोटो, ओला पाय, जुना पाय, सगळं.

"वार्ताहराने पकडलं का?" डॉक्टरांचा आवाज खोलीभर ऐकू येत होता.

"नाही. आम्हीच सांगितलं." तो थांबला. "म्हणजे वहिनींनी सांगितलं. मी सांगणार नव्हतो."

वहिनींचं पेन थांबलं. हे वाक्य त्यांनी कधीच कुणाला लिहून दिलं नसतं.

 डॉक्टर म्हणाले, "उद्या होकार मिळणार नाही, हे आत्ताच सांगतो. आमचा माणूस पाठवून पाय तपासून घेईन, मग पुढचं. कधी पाठवू?"

वहिनींनी घाईने कागदावर 'पुढच्या आठवड्यात' लिहून पुढे सरकवला. तोवर सगळं आवरता आलं असतं.

दिराने ते वाचलं. "कधीही पाठवा," तो फोनमध्ये म्हणाला. "न कळवता पाठवा."

फोन ठेवून तो टेलरबाईंसमोर जमिनीवर बसला आणि नवा पाय हातात घेऊन विचारू लागला, "नेमका कुठे चावतो, दाखवा बरं."