सुटलेली वेणी

मित्रांनो, ही गोष्ट एकोणीसशे बहात्तर सालची. मी एक जुनी भिंत आहे. साबणाच्या कारखान्याची मागची भिंत. माझ्या विटा नदीच्या गाळाच्या. मला बांधून झाल्यावर गवंड्याने पाठीवर थाप मारली होती, "आता ही हलायची नाही!" किती फुशारले होते मी! पुढे कारखान्याला टाळं लागलं आणि माझ्याकडे कुणी ढुंकून बघेना.

समोरच्या खोल्यांत दूरदूरच्या मुलखांतून आलेली माणसं राहत. प्रत्येकाची बोली निराळी. नळावर भांडण्यापुरतेच शब्द सगळ्यांना येत.

मग तिथे चित्रकला शिकवणाऱ्या एक बाई राहायला आल्या. त्यांनी नामी युक्ती काढली. उन्हं कलली की एकेकाने माझ्यासमोर उभं राहायचं, आणि त्याच्या सावलीभोवती परमुलखातल्या शेजाऱ्याने कोळशाची रेघ ओढायची. आपल्या माणसाची सावली आपण काढायची नाही, हा नियम. रंग मात्र सगळ्यांनी मिळून भरायचा. असं करता करता एकमेकांचे शब्द सगळ्यांच्या तोंडात बसले.

"अरे पाववाल्या, पोट आत घे! भिंत पुरायची नाही," कुलूपवाले आजोबा ओरडत.

"आजोबा, आधी तुमचं नाक आवरा. पार पलीकडच्या गल्लीत पोचलंय!"

माणसं हसायला लागली. फक्त शिंपीणबाई उंबरा ओलांडत नसत. त्यांचं शिलाईयंत्र तेवढं ऐकू येई.

एका सकाळी माझ्यावर एक जादा सावली दिसली. सात-आठ वर्षांची मुलगी, हात पुढे केलेला. एक वेणी घातलेली, दुसरी सुटलेली. तशी मुलगी त्या वस्तीत नव्हतीच.

मित्रांनो, कोळसा लागला की मला गुदगुल्या होत. ही आकृती उमटली तेव्हा बाहेरून काहीच लागलं नव्हतं. माझ्या विटांच्या आतून काहीतरी गारगार सरकत पुढे आलं होतं.

नियमानेच घात केला. रेघ परमुलखातल्यानेच ओढायची, म्हणून जो तो दुसऱ्याकडे बोट दाखवू लागला. कुणीतरी उभं राहिलं असणार, कुणीतरी काढलं असणार; मग कबूल का करत नाहीत? "तुमच्याकडचीच ही करणी!" "तोंड सांभाळून बोल!" आपापल्या मुलांना हात धरून आत ओढलं गेलं. संध्याकाळी पाववाला चुन्याची बादली घेऊन आला. म्हणाला, "सगळंच पुसून टाकतो. नको ती सावली आणि नको ते शेजारी."

त्याने कुंचला बुडवला आणि शिलाईयंत्र थांबलं.

शिंपीणबाई अनवाणी धावत आल्या आणि माझ्या अंगाला पाठ लावून उभ्या राहिल्या. "दादा, तिला पुसू नका. माझी आहे ती." त्यांनी वळून सुटलेल्या वेणीवर बोट ठेवलं. "निघायच्या दिवशी एकच वेणी झाली. तेवढ्यात गाडी आली. गर्दीत हात सुटला, तो सुटलाच."

आपलं कुणीतरी मागे राहिलेलं नव्हतं, असं एकही घर तिथे नव्हतं.

पाववाल्याने बादली गटारात ओतली. कोळसा उचलून तो हलकेच म्हणाला, "ताई, तिच्या शेजारी उभ्या राहा. मी काढतो. तुमच्या पोटाची काही अडचण नाही."

शिंपीणबाई ओल्या डोळ्यांनी हसल्या. त्यांनीही हात पुढे केला. दोन्ही हातांमध्ये वीतभर अंतर उरलं. मग त्यांनी कोळसा घेतला आणि लेकीची दुसरी वेणी घातली.

त्यानंतर ती मुलगी वाढू लागली. खरंच सांगते! दर वर्षी आजोबा तिच्या डोक्यावर खूण करत आणि म्हणत, "पोर उफाड्याची निघाली." कुणाला भीती वाटेनाशी झाली. येता-जाता लोक तिची विचारपूस करत, आपापल्या बोलीत. आणि माझ्यावरच्या मायलेकींची बोटं हळूहळू जवळ सरकत होती.

आजोबा गेले, त्यांची हत्यारं पाववाल्याच्या मुलाने चालवली. पाववाला म्हातारपणी लेकीकडे राहायला गेला. चित्रकलेच्या बाई दुसऱ्या गावी गेल्या, तिथेही भिंती शोधत असतील. शिंपीणबाई एका दुपारी यंत्रावरच मान टाकून निजल्या, त्या उठल्या नाहीत. त्याच दुपारी माझ्यावरचे ते दोन हात एकमेकांत गुंतले. माझ्या विटांमधला इतक्या वर्षांचा गारवा तेव्हा कुठे गेला.

आता समोर नवी माणसं आली आहेत. त्यांना मी स्वच्छ, पांढरी हवी आहे. मित्रांनो, चुना लावण्याआधी एकदा माझ्यावर तळहात ठेवून बघा. काल डाव्या कोपऱ्यात पुन्हा काहीतरी गारगार सरकलं. एक लहानसा मुलगा आहे, पायात एकच चप्पल. तुमच्यापैकी कुणाचा आहे तो? या ना, विचारा एकमेकांना.