भाविकाचं नाव

या, जरा जवळ सरकून बसा, एक गोष्ट सांगायची आहे.

वर्तकनगरच्या चर्चमध्ये शांतवनबुवांचं कीर्तन रंगात आलेलं. आख्यान होतं बायबलमधलं, गर्विष्ठ परूश्याचं, म्हणजे स्वतःला पुण्यवान समजणाऱ्या कर्मठ धर्मपंडिताचं, आणि पापी जकातदाराचं. सुवार्ताबाई दारापाशीच बसल्या होत्या. तेवढ्यात सिग्नलवर टाळ्या वाजवून मागणारी, सगळ्यांना नावानिशी ठाऊक असलेली तृतीयपंथी रतन पायरीवर येऊन उभी राहिली.

“इथे मागायचं नाही हं,” सुवार्ताबाई दबक्या आवाजात म्हणाल्या.

“मागायला नाय आली, मावशी. शेवटच्या प्रार्थनेत तुम्ही आजाऱ्यांची नावं घेता ना? आमच्या भाविकाचं पण घ्या. दवाखान्यात आहे, श्वास घेता येत नाय तिला.”

“तीपण तुमच्यातलीच?”

“हा.”

“मग जा तू. हे देवाचं घर आहे.” बाई शेजारणीकडे वळल्या. “देवाची कृपा, आपण असल्यांसारखे नाही.”

त्याच क्षणी बुवांनी झांज थांबवली आणि परूश्याच्या तोऱ्यात म्हटलं, “देवा, तुझे आभार, मी असल्यांसारखा नाही!”

सगळे नेहमीसारखे हसले. सुवार्ताबाई मात्र हसल्या नाहीत, दाराबाहेर पाहू लागल्या. या वाक्याला त्या लहानपणापासून हसत आल्या होत्या. तिकडे रतन फाटकापर्यंत पोचली होती.

“आजाऱ्यांची नावं सांगा,” बुवा म्हणाले.

सुवार्ताबाई उठल्या. “भाविका.”

“कोण हो ही?” मागून कुणीतरी विचारलं.

“आपलीच आहे,” बाई म्हणाल्या आणि दारातून ओरडल्या, “अगं रतन, आत ये, प्रार्थना सुरू होतेय!”

भाविका अजून दवाखान्यातच आहे. तुम्ही हात जोडाल तेव्हा तिची आठवण ठेवा.