राजूर घाटात मी फुटलो

मित्रांनो, मी एक जुना टायर आहे, मोटारीच्या पुढच्या डाव्या चाकाचा. मलकापुरात कडूबा मिस्तरीच्या गॅरेजमागे मी पडून असतो. माझ्या कुशीला वीतभर लांब चीर आहे. ती कशी पडली, ते तुम्हाला सांगतो.

कच्चं रबर, कापडाचे थर आणि तारेची कडी साच्यात घालून मला भाजलं, तेव्हा माझा जन्म झाला. रेल्वेने मी मलकापूरला आलो. महाराष्ट्र राज्य होऊन तेव्हा चार वर्षं झाली होती. कापसातली सरकी काढणाऱ्या जिनचे मालक अर्जुनराव यांनी मला त्यांच्या मोटारीला बसवलं. मोटार चालवायचा पुंजाजी.

त्याच हिवाळ्यात मोटारींची शर्यत झाली. मलकापुराहून मोताळ्यावरून बुलढाण्याला जायचं आणि त्याच रस्त्याने परत यायचं. पाच मोटारी होत्या आणि सगळ्यांचे टायर नवे होते. माझी नक्षी खोल होती, ती खडीत घट्ट रुतायची. पुंजाजी वळणावरसुद्धा वेग कमी करत नव्हता. परतताना तीन मोटारी अगदी अंगाला अंग लावून धावल्या. आम्ही हातभर अंतराने जिंकलो. पुंजाजीने माझ्यावरची धूळ स्वतःच्या उपरण्याने पुसली. मला फार अभिमान वाटला.

मग वर्षभर मी राबलो. खडी, काटे, तापलेलं डांबर. माझी नक्षी पार झिजून गेली. नवे टायर तेव्हा लवकर मिळत नसत आणि मिळाले तरी महाग पडत. पुढच्या शर्यतीच्या आदल्या दिवशी पुंजाजीने माझ्यावर हात फिरवला.

"मालक, याचं कापड दिसून राह्यलं. याच्यावर शर्यत नोका करू."

"एवढी शर्यत होऊ दे, मग बदलू," अर्जुनराव म्हणाले.

कडूबा मिस्तरी बाजूलाच उभा होता. त्यालाही कापड दिसत होतं. तो काही बोलला नाही.

दुसऱ्या दिवशी अर्जुनराव पुंजाजीशेजारी बसले. त्या वर्षी सगळ्यांचेच टायर झिजलेले होते. जो तो आपला टायर जपत होता, कुणी कुणाला गाठायला बघत नव्हता. पाचही मोटारी एकामागे एक मुकाट चालल्या होत्या. ती शर्यत राहिलीच नव्हती. मोताळ्याला लोक ओरडले, "काऊन बे, वरात आहे का?"

अर्जुनरावांना ते झोंबलं. परतताना राजूर घाटाचा उतार लागला, तेव्हा ते म्हणाले, "दाब, पुंजाजी! पुढचा गाठ!"

"मालक, टायर धरत नाही."

"दाब म्हणतो ना!"

पुंजाजीने दाबलं. मी तापलो होतो. माझ्या आतले धागे एकेक करून तुटत होते आणि मला ओरडता येत नव्हतं. तिसऱ्या वळणावर मी फुटलो. मोटार दरडीवर आदळली. अर्जुनरावांचा हात मोडला. पुंजाजीच्या छातीत चाक घुसलं होतं, मोटार वळवायचं चाक. दवाखान्यात पोचायच्या आधीच तो गेला.

"पुंजाजीला मोटार सावरता आली नाही," अर्जुनराव सगळ्यांना सांगत राहिले. लोकांनीही ते मानलं.

तेराव्यानंतर पुंजाजीची बायको वच्छलाबाई गॅरेजात आली. ती माझ्याजवळ बसली. माझ्या चिरेत तिने बोटं घातली आणि कापडाचे कुजके धागे ओढून काढले.

"दादा, हा तं आधीच मेला होता. तुमाले दिसलं नाही का?"

"दिसलं होतं, बाई," कडूबा खाली मान घालून म्हणाला. "म्या बोललो नाही."

ती रडली नाही. धागे पदरात बांधून निघून गेली. शर्यत पुन्हा कधी झाली नाही.

मित्रांनो, तुम्ही मोठे व्हाल, मोटारीत बसाल. बसण्याआधी चाकाशी वाका आणि हात फिरवून बघा. आणि चालवणारा "नको" म्हणाला, तर त्याचं ऐका. आम्हा टायरांना बोलता येत नाही. कडूबाला येत होतं.