कुलपाला समईचं तेल

या, असे जवळ सरकून बसा. पंखा इकडंच फिरतो, तिकडं उगाच घामाघूम व्हाल. आज एका कुलपाची गोष्ट सांगायची आहे. कुलूप लहान, गोष्टही लहान. पण ते उघडेपर्यंत माणसं किती दमली ते ऐका, म्हणजे घरी गेल्यावर आपापल्या दाराकडं एकदा बघावंसं वाटेल.

घणसोलीत तळवली गावाला पाठ लावून उभी असलेली एक सोसायटी होती. तिच्या मागच्या भिंतीत एक छोटं लोखंडी फाटक होतं. इमारत उठायच्या आधी तिथून गावाची पायवाट जायची, म्हणून ते ठेवलेलं. पलीकडं गावठाण, विठ्ठलाचं देऊळ, आणि भाड्याच्या खोल्यांत साताऱ्याकडची हमाली-मजुरी करणारी कुटुंबं. सकाळी तिकडच्या बायका इकडं कामाला यायच्या, संध्याकाळी इकडची मंडळी तिकडं देवळात जायची. फाटकाचं कुणी नावही काढत नसे. चालू असलेल्या वाटेचं कोण नाव काढतो?

मग गेल्या वर्षी, फाटकासमोर लावलेल्या बाइकवरून दोन्हीकडच्या पोरांची जुंपली. इकडच्या एकाचं डोकं फुटलं, तिकडच्या एकाचा हात मोडला. पोलीस आले, समज देऊन गेले. सोसायटीचे अध्यक्ष नंदकुमार यांनी त्याच संध्याकाळी फाटकाला कुलूप घातलं. म्हणाले, "आठ दिवस. वातावरण निवळेपर्यंत."

वातावरण निवळलं. कुलूप राहिलं.

नंदकुमारांच्या पत्नी अरुणाताई म्हणजे पालिकेच्या शाळेतून निवृत्त झालेल्या बाई. त्यांना हे बघवेना. गावातल्या वेणूबाईंना हाताशी धरून त्यांनी एक 'शेजार मंडळ' काढलं. दर मंगळवारी सोसायटीच्या हॉलमध्ये बसायचं, दोन्हीकडच्यांनी बोलायचं, गैरसमज काढायचे. सुरुवातीला हॉल भरला. मग निम्मा झाला. मग चहाचा थर्मास जसाच्या तसा घरी परत यायला लागला.

अशाच एका मंगळवारी त्यांनी थर्मास ओट्यावर ठेवला आणि त्या भिंतीला टेकून उभ्या राहिल्या.

"किती आले होते?" नंदकुमारांनी मोबाइलमधून डोकं न काढता विचारलं.

"मी आणि वेणूबाई."

"चला, कोरम झाला म्हणजे!"

"हसा तुम्ही. त्या बाईला आज गेटवर किती वेळ उभं केलं माहितीये? तुमच्या त्या अ‍ॅपवर माझी परवानगी येईना म्हणून. गुडघे धरून उभी होती बिचारी. हायवेनं वळसा घालून येते ती, ट्रकांच्या कडेकडेनं. घर तिचं आपल्या बाल्कनीतून दिसतं!"

"अगं, मला कळत नाही का? पण ग्रुपवर बघ जरा. फाटकाचा विषय काढला की लोक अंगावर येतात. 'उद्या चोरी झाली तर चेअरमन भरून देणार का?' मला नको हे टेन्शन. मीही थकलोय."

"थकलेल्या माणसानं कुलूप लावलं ना, की ते उघडायला दुसरी माणसं थकतात," अरुणाताई म्हणाल्या आणि कपबशा विसळायला लागल्या.

थकवा त्या घरात असा दोघांनाही होता. एक कुलूप राखून थकला होता, एक ते ठोठावून.

वेणूबाई मात्र निराळी बाई! आगरी घरातली, कपाळावर ठसठशीत कुंकू, बोलणं तोफेसारखं. गेटवरचा शिपाई पोरगा वहीत लिहायला "आजी, कुणाकडं?" विचारायचा तेव्हा म्हणायच्या, "लिव्ह, माज्याच शेतान आलंय मी! या बिल्डिंगीच्या खाली माज्या सासऱ्याचा भात पिकायचा." तो पोरगाही हसायचा आणि लिहायचा. देवळातल्या सप्ताहाच्या काल्याला पातेलं त्यांच्याच घरचं असायचं. भलंमोठं पितळी पातेलं. काल्याच्या सकाळी ते या फाटकाच्या उंबऱ्यात ठेवत. तिकडच्यांनी तिकडून, इकडच्यांनी इकडून त्यात आपापल्या घरचं काही ना काही घालायचं. कुणी दही, कुणी पोहे, कुणी लाह्या, कुणी लिंबाचं लोणचं.

एकदा अरुणाताई म्हणाल्या, "वेणूबाई, मला वाटतं बंद करू हे मंडळ. कुणी येत नाही. मी दमले."

"दमली ना? मंग बसाचा," वेणूबाई म्हणाल्या. "दमल्यावर बसाचा. उठून नाय जावाचा. मानूस उठून गेला का जागा जाते."

दिवाळी झाली आणि वेणूबाईंना दम लागायला लागला. एका संध्याकाळी त्यांच्या नातवाचा, सनीचा फोन आला. "मॅडम, आजी तुमाला बोलावते. लवकर या."

अरुणाताई पदर खोचत नंदकुमारांपुढं उभ्या राहिल्या. "किल्ली द्या."

"आत्ता? लोक बघतील अगं. एकासाठी उघडलं तर सगळ्यांसाठी उघडावं लागेल. रिक्षानं जा ना, कितीसा वेळ लागतो?"

त्यांनी चपला घातल्या. रिक्षानं गेल्या. ठाणे-बेलापूर रस्त्यावर एक कंटेनर बंद पडला होता. रिक्षा हलेना. इकडं नंदकुमार बाल्कनीत उभे राहून बघत होते. भिंतीपलीकडं वेणूबाईंच्या अंगणात माणसं जमायला लागलेली त्यांना दिसली. मग बायकांच्या रडण्याचा आवाज आला. अरुणाताईंची रिक्षा त्यानंतर आली.

किल्ली दारामागच्या खिळ्याला लटकत होती.

त्या रात्री घरी कुणी कुणाला दोष दिला नाही. तेच वाईट होतं, मंडळी! भांडण झालं असतं तर निदान काही बोलणं झालं असतं. पुढच्या मंगळवारी अरुणाताई हॉलमध्ये एकट्याच जाऊन बसल्या आणि थर्मास घेऊन परत आल्या.

माघ लागला. सप्ताह आला. फाटक बंद, तेव्हा गावानं देवळात सप्ताह मांडला आणि सोसायटीनं पार्किंगमध्ये आपला वेगळा. दोन मांडव, दोन कर्णे, तेही एकमेकांकडं तोंड करून! इकडचं भजन तिकडं ऐकू जाऊ नये म्हणून तिकडचा आवाज वाढायचा, मग इकडचा वाढायचा. देवाचं नाव घ्यायला बसलेली माणसं, पण त्या गोंगाटात देवाचं नाव देवालाही ऐकू आलं नसेल.

आणि गंमत बघा. काल्याच्या कीर्तनाला दोन्हीकडच्यांना एकच बुवा हवे होते. द्रोणागिरीचे हिरामणबुवा, वर्षानुवर्षं यायचे ते. दोघांनीही एकमेकांना न सांगता त्यांना फोन केला. बुवांना वाटलं, नेहमीचाच सप्ताह आहे, दुसरा फोन आठवण करून द्यायला आला असेल. दोघांनाही "येतो" म्हणाले.

सकाळी स्टेशनाबाहेर सोसायटीचा खजिनदार पार्थ गाडी घेऊन उभा, आणि शेजारी सनी टेम्पो घेऊन उभा. दोघांच्या हातात हार.

"तू इकडं कशाला?" पार्थ म्हणाला.

"स्टेशन पण तुमच्या सोसायटीचं हाय का? एन्ट्री करू काय वहीत?"

"बुवा आमच्याकडं येणारेत."

"ए, सपना बघतो का? आमी मैन्याआधी फोन केलाय."

तेवढ्यात बुवा काठी टेकत आले. डोक्याला फेटा, घसा बसलेला. दोघांकडून हार घालून घेतले, सगळा प्रकार ऐकला आणि खो खो हसले. हसता हसता खोकले.

"अरे लेकरांनो, मी एवढा मोठा कधी झालो? दोन दोन गाड्या! पण खरं सांगू का, आता माझ्यात एकच कीर्तन उरलंय. दोन होणार नाहीत. काला दरवर्षी कुठं करत होतो आपण?"

दोघांनी एकमेकांकडं पाहिलं.

"फाटकाशी ना? चला, तिथंच उभा राहतो."

बुवा पार्थच्या गाडीतून आले आणि सोसायटीच्या आतून मागच्या भिंतीपाशी गेले. सनीनं टेम्पो गावाकडून आणला. बघता बघता गजांच्या अल्याड-पल्याड माणसं जमली. कुणीतरी मांडवातली समई उचलून आणली. पलीकडून सनीनं वेणूबाईंचं पातेलं आणलं, घासूनपुसून लख्ख केलेलं. फाटकाला टेकवलं. गजांतून ते कसं जाणार?

सोसायटीचा काला केटररकडून आलेला. झाकण लावलेले प्लॅस्टिकचे कप. पार्थला एकदम सुचलं. "बुवा, हे कप गजांतून पास होतात. आम्ही देतो त्यांना."

"कप जातील रे," बुवा म्हणाले. "काला नाही जायचा."

मग त्यांनी टाळ वाजवले नाहीत की सूर लावला नाही. बसक्या आवाजात नुसतं बोलायला लागले, त्यामुळं दोन्हीकडच्यांना पुढं वाकून ऐकावं लागलं.

"बाबांनो, गोकुळातल्या पोरांनी रानात शिदोऱ्या सोडल्या. कुणाचं दही आंबट, कुणाची भाकरी शिळी. कुणी तर नुसतं मीठ आणलं असेल. देवानं सगळं एकात घातलं आणि कालवलं. आता सांगा, कालवल्यावर आंबट कुणाचं ते ओळखू येतं का? म्हणून तर त्या घासाची गोडी! पण कालवायला भांडं दोघांच्या मध्ये लागतं. तुम्ही मध्ये गज ठेवलेत. किल्ली कुणाकडं आहे?"

सगळ्यांच्या नजरा नंदकुमारांकडं वळल्या.

"बुवा, जनरल बॉडीत मंजूर झालंय ते," नंदकुमार पुटपुटले. "मी एकटा कसा काय..."

"कुलूप लावलं त्या संध्याकाळी जनरल बॉडी बसली होती?"

"नाही. तेव्हा... मी एकट्यानंच लावलं."

"मग काढायलाच एवढी माणसं कशाला लागतात?"

"पण बुवा, उद्या काही झालं तर?"

"झालं तर दोन्हीकडची माणसं धावत येतील. कुलूप असलं तर निम्मीच येतील."

नंदकुमारांना वाटलं, आता अरुणा बोलेल. वर्षभर जे घरात बोलत आली ते आता चारचौघांत बोलेल. त्यांनी तिच्याकडं पाहिलं. ती बोलली नाही. हळूहळू पुढं आली, फाटकासमोर सिमेंटवर मांडी घालून बसली आणि पातेल्याकडं बघत राहिली. चेहऱ्यावर राग नव्हता. फार थकलेल्या माणसाचा चेहरा होता तो.

त्यांना ती संध्याकाळ आठवली. खिळ्याला लटकलेली किल्ली आठवली. 'लोक बघतील' असं आपण म्हणालो होतो. आणि आज लोक बघत होते!

नंदकुमार वळले आणि चालू लागले. कुणीतरी म्हणालं, "गेले चेअरमन!" पण ते किल्ली घेऊन आले.

किल्ली कुलपात गेली, फिरेना. एक अख्खा पावसाळा खाल्लेलं कुलूप ते! पार्थनं जोर लावून पाहिला, पलीकडून सनीनं गजांतून हात घालून कुलूप धरून ठेवलं.

"अरे सरळ धर ना!"

"मी सरळच धरलंय, तुजा हात वाकडा हाय!"

तेव्हा अरुणाताई उठल्या. समईतलं तेल त्यांनी पळीनं घेतलं आणि थेंब थेंब कुलपात सोडलं. नंदकुमारांनी पुन्हा किल्ली फिरवली. कट्! उघडलं! अहो, उघडलं!

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. सनीनं पातेलं उचललं आणि उंबऱ्यात ठेवलं. पार्थ एकेका कपाचं झाकण काढून त्यात ओतू लागला. गावातल्या बायकांनी पदराखालचे डबे काढले. बुवांनी बाह्या सारल्या आणि कोपरापर्यंत हात घालून काला कालवला. पहिला घास त्यांनी अरुणाताईंच्या हातावर ठेवला. त्यांनी तो नंदकुमारांना दिला.

"आज वेणूबाई असायला हव्या होत्या," एवढंच ते म्हणाले.

"पुढच्या मंगळवारी हॉलमध्ये या," अरुणाताई म्हणाल्या. "खुर्च्या लावायला कुणी नसतं."

आता सगळं गोकुळ झालं असं मी सांगणार नाही. त्याच संध्याकाळी ग्रुपवर तक्रारी आल्याच. नंदकुमारांनी उत्तर लिहिलं, 'फाटक सकाळपासून रात्रीपर्यंत उघडं राहील. काही अडचण आली तर मंगळवारी समोर येऊन बोला.' मंगळवारी फार कुणी आलं नाही. अरुणाताई होत्या, नंदकुमार होते, पार्थ होता, आणि फाटकातून पाच पावलांत सनी आला. वहीत नाव न लिहिता! चहा मात्र सगळा संपला.

मंडळी, कुलूप लावलं की भांडण थांबलं असं आपल्याला वाटतं. भांडण तसंच राहतं, भेटणं थांबतं. आणि भेटणं थांबलं की शेजाऱ्याचं मरणसुद्धा आपण बाल्कनीतून बघतो. शांती काही एका सभेनं येत नाही, ठरावानंही येत नाही. कुणीतरी दमूनही जागेवर बसून राहतं, तेव्हा ती हळूहळू येऊन शेजारी बसते. आपल्याला लढता येत नसेल, मोठं बोलता येत नसेल, तर निदान आपण लावलेलं कुलूप आपण काढावं. तेवढं तर आपल्या हातात आहे ना?

आता उठा, पाय मोकळे करा. फक्त एक मागणं आहे. पुढच्या वेळी काल्याचा घास तुमच्या तळहातावर पडेल, तेव्हा तो तोंडात टाकण्याआधी क्षणभर थांबा, आणि हायवेनं वळसा घालून येणाऱ्या तळवलीच्या त्या वेणूबाईंना एकदा आठवा.