खराट्याच्या पुढे पाऊल नाही

मी खराटा बोलतोय, विमानतळाच्या अग्निशमन केंद्रातला. काड्यांची मोळी, तारेचा वेढा आणि एक लांब दांडा, एवढाच माझा जन्म. लाल गाड्यांखालची फरशी ओल्या अंगाने घासायची, हे माझं काम. आगीशी आपली कधी गाठ पडेल असं वाटलंच नव्हतं.

एका सकाळी केंद्रप्रमुखांनी मला उचललं. त्यांना सगळे साहेब म्हणत. पथकातला त्यांचा धाकटा भाऊ मात्र ड्यूटीवरही दादाच म्हणे.

"आजपासून याने झाडायचं नाही. हा कोरडाच राहिला पाहिजे," साहेब म्हणाले.

"का? बढती मिळाली की काय याला?" धाकटा हसला.

"मिळाली. तुझ्याआधी."

हायड्रोजनवर उडणारं विमान येणार होतं. त्या वायूची ज्योत भर उन्हात दिसत नाही, धूरही होत नाही. माणूस चालता चालता थेट तिच्यात शिरायचा. उष्णता दाखवणारा कॅमेरा होता, पण साहेब विचारत, "तो बंद पडला तर?" अशा वेळी मला पुढे धरायचं. माझ्या काड्या पेटल्या की समजायचं, आग इथे आहे.

मला भारी कुतूहल वाटलं. न दिसणारी आग असते तरी कशी?

सराव सुरू झाला. धाकटा दर वेळी मला मागे टाकून पळायचा.

"गधड्या, खराट्याच्या पुढे पाऊल नाही! आईला काय सांगू मी?" साहेब ओरडत.

विमान यायला आठवडा होता. साहेब गाडीच्या पायरीवर बसले, छातीवर हात ठेवला आणि पुन्हा उठलेच नाहीत.

विमान येण्याच्या आदल्या दिवशी धाकटा कामावर आला. हाताला लागलो तो मी; मला बादलीत बुडवून त्याने त्या पायरीखालची फरशी घासायला घेतली. डाग नव्हताच तिथे. तरी घासत राहिला. मग अचानक थांबून ठिबकणाऱ्या माझ्याकडे बघत बसला.

"दादा, हे काय करून बसलो मी!"

"अरे, नवा आणू," ड्रायव्हरकाका म्हणाले.

"नको काका. दादाने हाच निवडलाय."

दुपारभर तो मला उन्हात धरून बसला. एकेक काडी बोटांनी सुटी करत होता.

दुसऱ्या दिवशी विमानात इंधन भरताना फस्सकन आवाज झाला. नळीपाशी उभा असलेला कामगार जागीच खिळला. ज्वाळा दिसेना. कॅमेऱ्याचा पडदा नेमका काळा पडला. धाकट्याने धाव घेतली. दोन पावलं गेला आणि थबकला.

"काका, खराटा!"

मला पुढे धरून, वर-खाली फिरवत तो सावकाश चालू लागला. समोर नुसती मोकळी हवा. आणि त्या हवेत माझी टोकं पेटली!

"थांबा! इथे आहे!"

तो वळसा घालून गेला आणि कामगाराला दंडाला धरून बाहेर घेऊन आला. काकांनी वायू बंद केला. एवढ्या जवळ जाऊनही ती आग मला दिसली नाही. नुसती कळली.

आता मी निम्मा उरलोय. साहेबांच्या हेल्मेटशेजारी टांगलेला असतो. धाकटा रोज सकाळी माझ्या काड्यांवरून तळहात फिरवतो आणि हळूच म्हणतो, "कोरडा आहे, दादा."

तुम्ही इथे आलात तर झाडायला दुसरा खराटा घ्या. आणि मलाच उचलायची वेळ आली, तर माझ्या मागे राहा. घरी कोणीतरी वाट बघत असेल.