जयसिंगच्या तोंडचं वाक्य

मैत्री ताथवड्याहून कॉलेज आटपून आली ती थेट स्वयंपाकघरात, आणि मेथी निवडत बसलेल्या आजीच्या नाकासमोर तिने मोबाइल धरला.

"आजी, आजोबा पेपरात आलेत! तुमच्या वेळच्या, आजोबांच्या कारखान्यातल्या टाळेबंदीची बातमी आहे."

कुठल्याशा बंद पडलेल्या साप्ताहिकाचे अंक कुणीतरी नेटवर चढवले होते. गेटवरच्या कामगारांचं बोलणं त्यात जसंच्या तसं दिलं होतं, निदान बातमीदाराचा तसा दावा होता. मैत्रीने ठसक्यात वाचलं, "'आमी भीक मागाया आलो न्हाई. हात हायेत, काम द्या,' असे कामगार जयसिंग म्हणाले."

तानुबाईचा हात थांबला. ते वाक्य जयसिंगचं नव्हतं, तिचं होतं.

ती त्या दिवशी डबा घेऊन गेटवर गेली होती, तान्हा नागसेन कडेवर. जयसिंग बातमीदाराशी बोलत होता. आणि त्याचं बोलणं काय वर्णावं! रात्रशाळेत शिकलेला गडी, विहारात बोलायला उभा राहिला की म्हातारी माणसं खोकला दाबून ऐकायची. तेव्हाही तो सावकाश, मुद्द्याला मुद्दा जोडत बोलला. तानुबाई मावळातली, तोंडाची फटकळ. तिला राहवलं नाही आणि ती मध्येच बोलून गेली. बातमीदाराने खरडलं आणि तो चालता झाला. कामगार कसा बोलतो हे ही मंडळी कचेरीतूनच ठरवून निघत असावीत. बायकोचं वाक्य नवऱ्याच्या नावावर गेलं आणि नवऱ्याचं बोलणं केरात.

जयसिंगने पेपर वाचला आणि घडी घालून ठेवून दिला. पुढच्याच पावसाळ्यात काविळीने तो गेला. घरात त्याचा एक फोटो उरला. आवाज कुठून उरणार?

"पोरी, ते वाक्य..." तानुबाईने सुरुवात केली, तेवढ्यात चाकणची शिफ्ट संपवून मैत्रीचा बाप नागसेन दारात आला. मैत्रीने त्याच्याही हातात मोबाइल दिला. त्याने उभ्यानेच वाचलं, मग ओठ हलवत पुन्हा वाचलं.

"बाबा असे बोलायचे, आई?" तो म्हणाला आणि चक्क रडायला लागला. थोरल्या लेकीच्या लग्नात सगळं घर रडलं तेव्हा हा पठ्ठ्या जेवणावळ सांभाळत होता. "मला त्यांचं काहीच आठवत नव्हतं गं. नुसता फोटो."

तानुबाईने मेथीत डोकं घातलं.

मग काय, नागसेनला वाक्याचं वेडच लागलं. कंपनीच्या बसमध्ये सांगून झालं, स्टेटसला ठेवून झालं. येत्या रविवारी, बाबांच्या स्मृतिदिनाला, विहारात फोटोखाली ते मोठ्या अक्षरांत लावायचं ठरलं. बॅनर छापून घरी आला त्या रात्री जेवताना मात्र तानुबाईने ताट बाजूला सारलं. बोलण्यात शुद्ध काय नि अशुद्ध काय, तो वाद तिचा नव्हता. पण ज्या विहारात तो इतकं बोलला, तिथे त्याच्या नावावर दुसऱ्याचं बोलणं लावायचं? मग तो खरंच पुरता गेला म्हणायचा.

"नागसेन, ते मी बोलले व्हते," ती म्हणाली. "तुझ्या बाबांचं न्हाई ते."

नागसेनने हातातला घास ताटात ठेवला. रागावला असता तर बरं झालं असतं.

"मग बाबा काय म्हणाले होते?"

तानुबाईने तोंड उघडलं. गेट आठवलं, त्याच्या सदऱ्याची उसवलेली कॉलर आठवली, बोलताना दोन बोटं उचलायची लकब आठवली. लोक कसे गप्प झाले होते तेही आठवलं. शब्द मात्र एकही येईना. गेटवरचा नाही, विहारातला नाही, घरातला नाही. ती शोधत राहिली आणि दर वेळी तेच, आपलंच, पेपरातलं वाक्य वर येत राहिलं.

नागसेन लहान पोरासारखा तिच्या तोंडाकडे बघत होता.

"माझाच काय तरी घोळ झाला असंल," ती म्हणाली. "वय झालं रं आता. त्यांचंच हाय ते."

"मला वाटलंच," नागसेन म्हणाला. त्याने सुटकेचा श्वास सोडला, फोटोकडे वळून बघितलं आणि ते वाक्य पुन्हा एकदा म्हटलं, अगदी तिच्या ठसक्यात.