अंबाड्यातलं पुस्तक

काडेपेटीएवढं पुस्तक, कातडी बांधणीचं, कडा झिजून मऊ झालेल्या... रत्नाने ते तळहातावर घेतलं आणि श्वासही जपून सोडला. पाठ करून बसलेली शेजारची म्हातारी जूडिथ म्हणाली, "घाल आत. मार्क यायच्या आधी."

मार्क तिचा मुलगा. आज तो तिला दूर, चँडलर गावातल्या वृद्धाश्रमात नेणार होता. तिथे वस्तू हरवतात, पुस्तक म्युझियमला देऊन टाकू, असं त्याचं म्हणणं, आणि त्यात चूक काही नव्हतं. पण साडेतीनशे वर्षांपूर्वी जूडिथच्या कुळातली एक बाई हेच बायबल अंबाड्यात लपवून फ्रान्समधून निसटली होती. ह्यूगेनो, म्हणजे फ्रान्समधले प्रोटेस्टंट, होते ते – राजाने त्यांचा पंथ बेकायदा ठरवला, देश सोडायलाही बंदी केली. सापडले तर पुरुष गलबतांवर वल्ही मारायला, बायका तुरुंगात, मुलं परक्यांच्या हवाली. नऊ वर्षं दर मंगळवारी जूडिथचे केस विंचरताना रत्नाने हे इतक्यांदा ऐकलं होतं, की ती बाई तिला आपल्याच सासरची कुणी वाटे.

केस मात्र आता मूठभरही उरले नव्हते. अंबाडा तीनदा घातला, तीनदा सुटला. जूडिथचे खांदे खाली आले.

रत्नाचा हात आपसूक स्वतःच्या मानेमागे गेला. तिथे गंगावन होतं – आईने आपल्या गळलेल्या केसांचं वळून दिलेलं, सुनेलाही ठाऊक नसलेलं. देऊ नये असं वाटलं, अगदी स्पष्ट वाटलं. आईचं एवढंच तर आहे माझ्याकडे... आणि मी ते इतकी वर्षं कुणाच्या भीतीने लपवते आहे? मला कुठला राजा शोधतोय?

तिने आकडे काढले, गंगावन जूडिथच्या केसांत गुंफलं. अंबाडा बसला, पुस्तक आत गेलं.

जूडिथने चाचपून पाहिलं. "कुणाचे केस?"

"माझ्या आईचे. गोदावरी."

"माझ्या त्या बाईचं नाव कुणी लिहूनच ठेवलं नाही," जूडिथ म्हणाली, आणि 'गोदावरी' हळूहळू म्हणून पाहत राहिली.

मार्क आला, आई छान दिसतेय म्हणाला, बॅगा उचलल्या. गाडी फ्रीमाँटच्या त्या गल्लीतून वळून गेली.

घरी सून चारुता मीटिंगमध्ये होती. तिने मान वर केली, माइक बंद केला. "आई, तुमचे केस..."

"एवढेच आहेत गं."

लाज वाटेल असं रत्नाने गृहीत धरलं होतं. ती वाटलीच नाही; जूडिथ गल्ली सोडून गेली हे मात्र तेव्हा कुठे खरं वाटलं, आणि सुनेसमोर ती पहिल्यांदाच रडली.